शुक्रवारचं न्हाणं आणि डॉक्टर मणींचे शोधनिबंध



आजची गोष्ट एका डॉक्टरांची आणि त्यांच्या शोधनिबंधांची आहे. पण ती कुठल्या प्रयोगशाळेत सुरू होत नाही. आमच्यापुरती ती सुरू होते घरातल्या न्हाणीघरात.

आमचं घर बंगळुरूच्या कॉटनपेटेतलं. सतराव्या शतकात हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, तेव्हापासून इथे मराठी बोलणारी माणसं आहेत. त्यातल्याच एका शिंपी कुटुंबातला मी. घरात मराठी, गल्लीत कन्नड, दुकानात दोन्हींची खिचडी. न्हाणीघराला आम्ही इथल्यासारखं 'बच्चल'च म्हणायचो. कोपऱ्यात चूल, चुलीवर तांब्याचा काळा पडलेला हंडा, खाली भुसा पेटवलेला. पाण्याला आधण येईपर्यंत कुणी आत जायचं नाही. मग अंगाला खोबरेल चोळायचं, डोक्याला शिकेकाई लावायची आणि चंबूमागून चंबू कढत पाणी डोक्यावर ओतायचं. पाठ लाल झाली नाही तर आजी म्हणायची, "न्हालास की नुसतं पाणी दाखवलंस?"

बायकांचं न्हाणं शुक्रवारी. आमच्या एकत्र कुटुंबात माझी एक चुलतबहीण होती, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. नाव सांगत नाही, सगळे तिला अक्का म्हणायचे, आजही म्हणतात. १९७९ साली ती सतरा वर्षांची होती. त्या वर्षी श्रावणात एका शुक्रवारी ती न्हाता न्हाता गप्प झाली. काकू बाहेरून हाक मारत होती, आतून उत्तर नाही. दार ढकललं तर अक्का पाटावर बसलेली, डोळे एकाच जागी लागलेले, हात नुसता केसांशी चाळा करतोय. दोन-तीन मिनिटांनी भानावर आली. तिला काहीच आठवत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी काही झालं नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी ती खाली पडली, अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला. तिच्या नाकाला कांदा लावला, चप्पल लावली, मुठीत किल्ल्यांचा जुडगा दिला. महाराष्ट्रात असो की कर्नाटकात, हे तीन उपाय प्रत्येक घराला पाठ असतात.

आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हे नेहमी शुक्रवारीच होतं.

शुक्रवार म्हणजे देवीचा वार. झालं! तिथून पुढचं सगळं ठरल्यासारखं घडत गेलं. लिंबं उतरवली, तिला ताईत बांधला, दोन गावच्या देवींना नवस बोलले. कुणी म्हणालं, अंगात येतंय. कुणी म्हणालं, बच्चलातच काहीतरी आहे, तिथे पूर्वी विहीर होती. मी तेव्हा नऊ वर्षांचा. संध्याकाळनंतर मी बच्चलात एकटा जायचा बंद झालो. या सगळ्यात अक्काला कुणी काही विचारलं नाही. तिच्याबद्दल बोलणं मात्र अखंड चालू होतं.

वर्षभरानंतर काका तिला होसूर रस्त्यावरच्या निम्हान्समध्ये घेऊन गेले. हे लिहायला सोपं वाटतं, पण त्यासाठी किती धीर लागला असेल याची आज कल्पना येणार नाही. बंगळुरूत त्या काळी निम्हान्सचं नाव घेतलं की लोकांना एकच आठवायचं, वेड्यांचं इस्पितळ. लग्नाची मुलगी तिथे गेली हे कळलं तर संपलंच. काका सकाळी सहाला निघाले, दूरच्या थांब्यावरून बस धरली आणि शेजाऱ्यांना सांगितलं, नातेवाइकांकडे चाललोय.

तिथे एका तरुण डॉक्टरने बराच वेळ घेऊन सगळं विचारलं. काकांनी शुक्रवारचं सांगितलं. डॉक्टर हसला नाही. त्याने अक्काकडे वळून कन्नडमध्ये विचारलं, "शुक्रवारी तू असं काय करतेस, जे गुरुवारी करत नाहीस?"

अक्का म्हणाली, "डोक्यावरून न्हाते."

"पाणी किती गरम?"

काका सांगत, डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, हे आम्हाला ठाऊक आहे, आमच्याकडे असे पुष्कळ येतात.

मंडळी, 'हे आम्हाला ठाऊक आहे' हे वाक्य त्या दिवशी त्या टेबलाशी उच्चारलं जाऊ शकलं, त्यामागे बारा वर्षांचं काम होतं. ते काम ज्यांनी सुरू केलं त्यांचं नाव डॉक्टर के. एस. मणी.

आता थोडं मागे जाऊ. १९५४ साली बंगळुरूत ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थ सुरू झाली. जुन्या म्हैसूर संस्थानाचं मनोरुग्णालय तिच्या शेजारीच होतं. १९७४ साली दोन्ही एकत्र करून निम्हान्स झालं. मनाचे आजार आणि मेंदूचे आजार एकाच आवारात पाहायचे, शिकवायचे आणि त्यांवर संशोधन करायचं, अशी ही संस्था. मणी तिथे मेंदूविकारतज्ज्ञ आणि प्राध्यापक होते. रोज बाह्यरुग्ण विभागात बसायचं, विद्यार्थ्यांना शिकवायचं आणि समोर आलेल्यातून काही नवं दिसलं तर ते लिहून काढायचं, असं त्यांचं आयुष्य.

१९६८ साली 'न्यूरॉलॉजी इंडिया' या नियतकालिकात मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा निबंध आला. पानं जेमतेम चार. विषय, गरम पाण्याने येणारी अपस्माराची फिट. त्यांनीच त्याला प्राथमिक टिपण म्हटलं होतं. भारतातून या आजाराचं हे पहिलं ठळक वर्णन. त्याआधी १९४५ साली न्यूझीलंडमध्ये ॲलन नावाच्या डॉक्टरांनी अशा एका मुलाची नोंद केली होती. जगाच्या वैद्यकात ही एक विचित्र, विरळा गोष्ट म्हणून कोपऱ्यात पडून होती.

मी डॉक्टर नाही. नोकरीची तीस वर्षं मी एका वैद्यकीय ग्रंथालयात काढली. नियतकालिकांचे अंक वर्षावर्षाने एकत्र करून बांधणीला पाठवायचे, हे माझं काम. १९९३ साली असेच जुने अंक बांधणीसाठी काढताना माझ्या हाती १९७२ सालची 'न्यूरॉलॉजी इंडिया'ची पुरवणी आली. तीत मणींचा पुढचा निबंध होता. आता रुग्ण ६० झाले होते. मी उभ्यानेच वाचला. डोक्यावरून ओतलेलं गरम पाणी, हरवलेली नजर, हातांचा चाळा, कधी पुढे जाऊन पूर्ण झटका. आमच्या बच्चलातला श्रावणातला शुक्रवार तिथे कोरड्या इंग्रजीत छापलेला होता. अक्काला पहिली फिट येण्याच्या सात वर्षं आधी.

त्यानंतर मी या विषयाचे निबंध शोधत गेलो. १९७४ साली अमेरिकन न्यूरॉलॉजिकल असोसिएशनच्या वार्षिक ग्रंथात मणींनी १०८ रुग्णांचा अहवाल दिला. १९८८ साली 'एपिलेप्सिया' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात निम्हान्सच्याच डॉक्टर पी. सतीशचंद्र आणि सहकाऱ्यांनी २७९ रुग्णांचा अभ्यास मांडला. साठ, एकशे आठ, दोनशे एकोणऐंशी. या आकड्यांकडे पाहून कुणी म्हणेल, आजार वाढत गेला. माझं मत वेगळं आहे. आजार पूर्वीही तेवढाच असणार. वाढलं ते विचारणं. एका प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना सांगून ठेवलं की फिट आलेल्या माणसाला 'त्याआधी काय करत होतास' हे विचारा, आणि ते विद्यार्थी पुढे विचारत राहिले. अक्कासमोर बसलेला तरुण डॉक्टर त्याच साखळीतला.

आता हा आजार नेमका काय, ते सोप्या भाषेत सांगतो.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संकेतांनी बोलतात. कधी एखाद्या भागातल्या पुष्कळ पेशी एकदम, एकाच तालात संकेत सोडू लागतात आणि मेंदूचं नेहमीचं काम विस्कटतं. हीच फिट. अशा फिट पुन्हापुन्हा येत असतील तर त्याला अपस्मार म्हणतात. बहुतेकांना त्या कधीही, काही कारण न दिसता येतात. काही थोड्यांना मात्र ठरावीक गोष्टीनेच येतात. कुणाला लुकलुकत्या उजेडाने, कुणाला वाचताना. गरम पाण्याचा अपस्मार याच जातीचा.

गंमत अशी की नुसतं अंगावर गरम पाणी घेतल्याने सहसा काही होत नाही. पाणी डोक्यावर पडावं लागतं, चांगलं कढत असावं लागतं आणि भराभर ओतावं लागतं. सतीशचंद्र यांच्या अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना अक्काच्या सुरुवातीच्या फिटसारखी, शुद्ध हरपून हातांचा चाळा करणारी फिट यायची. उरलेल्यांना सर्वांगाचा झटका. पुरुष आणि मुलगे जास्त. काही घरांत एकाहून अधिक माणसांना. आणि काही रुग्ण असेही होते की त्यांना फिटच्या सुरुवातीला एक गुंगी, एक सुख वाटायचं आणि ते पाणी ओततच राहायचे. पाहणाऱ्याला वाटावं, याला झालंय तरी काय!

मग हे इथेच का? युरोपात माणूस टबात बसतो. डोक्यावर पाणी ओतत नाही. आपल्याकडे, त्यातही जुन्या म्हैसूर भागात, आठवड्यातून एकदा डोक्यावरून कढत न्हाणं हा जवळजवळ संस्कारच. पुढे तुर्कस्तानातूनही असे रुग्ण नोंदले गेले, आणि तिथेही भांड्याने डोक्यावर गरम पाणी ओतून न्हाण्याची पद्धत आहे. पण नुसती पद्धत कारणीभूत असती तर आमचं सगळं कॉटनपेट दर शुक्रवारी आडवं झालं असतं. म्हणजे काही माणसांच्या मेंदूत उष्णता सांभाळण्याची यंत्रणा उपजतच नाजूक असणार. निम्हान्समध्ये उंदरांवर प्रयोग करून ही दिशा तपासली गेली. २००९ साली बंगळुरूतल्याच जक्कूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या शास्त्रज्ञांनी निम्हान्सच्या डॉक्टरांबरोबर, हा आजार पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या कुटुंबांचा अभ्यास करून दहाव्या गुणसूत्रावरच्या एका पट्ट्याकडे बोट दाखवलं. चुलीवरचा हंडा आणि गुणसूत्राचा पट्टा, दोन्ही एकाच शहरात सापडले.

उपाय? बहुतेकांसाठी पहिला उपाय असा की पाणी कोमट घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर औषध. पुढे काही रुग्णांना फक्त न्हाण्याआधी घ्यायची गोळी देण्याची पद्धतही इथल्या डॉक्टरांनी वापरली. अक्काला गोळ्या दिल्या आणि हंड्याखालची आग कमी करायला सांगितलं. आजी कुरकुरली, पण ऐकलं. त्यानंतर आमच्या बच्चलात अक्का कधी पडली नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती सांगितली नसती.

१९८४ साली अक्काचं लग्न झालं. स्थळ चांगलं होतं. काकांनी आजाराबद्दल काही सांगितलं नाही. ते चुकलंच, आणि ते त्यांनी मरेपर्यंत मनाला लावून घेतलं. पण त्यांच्या जागी उभं राहून पाहा. चार वर्षं मुलीला काही झालेलं नाही, आणि तोंडातून 'फिट' हा शब्द निघाला की मांडव उठणार. लग्नानंतर सात-आठ महिन्यांनी सासरी तिच्या ट्रंकेत जुना औषधाचा कागद सापडला. त्यावर निम्हान्सचं नाव होतं. फिट आलेली नव्हती. नुसता कागद.

अक्काला माहेरी पोचवलं आणि पंधरा दिवसांत वकिलाची नोटीस आली. तीत हिंदू विवाह कायद्याचं पाचवं कलम होतं.

इथे इतिहास नीट पाहायला हवा. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. मूळ कायद्यात विवाहाला अपात्र कोण, याची जी अट होती तीत अपस्माराचा उल्लेख नव्हता. तो आला १९७६ च्या दुरुस्तीत. वारंवार वेडाचे किंवा अपस्माराचे झटके येणारी व्यक्ती, असे शब्द पाचव्या कलमात घातले गेले. त्या अटीचा भंग झाला असेल तर बाराव्या कलमाखाली विवाह रद्द करून मागता येत होता. विशेष विवाह कायद्यातही तसेच शब्द आले.

सालं पुन्हा एकदा पाहा. १९१२ साली जर्मनीत हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटोन फिट थांबवतं हे दाखवलं. १९३८ साली अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन आणलं. १९६८, १९७२, १९७४, मणींचे निबंध. म्हणजे या आजाराला औषध आहे, तो मेंदूचा आजार आहे, वेडाशी त्याची सांगड घालू नये, हे सगळं ज्ञात होतं. आणि १९७६ साली आपल्या कायद्याने वेड आणि अपस्मार एका ओळीत बसवले. बंगळुरूच्या एका न्हाणीघरात शास्त्र पोचलं होतं, दिल्लीच्या सभागृहात पोचलं नव्हतं.

नोटिशीला उत्तर दिलं नाही. घरच्यांनी बसून मिटवलं. मिटवलं म्हणजे अक्का परत आली, ती कायमची. तिने शिवणकाम केलं, पुढे एका शाळेत मुलींना शिकवलं. आमच्या घरात त्या लग्नाबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

मणींच्या कारकिर्दीचं मला अप्रूप वाटतं ते इथून पुढच्या भागासाठी. एखादा आजार पहिल्यांदा नीट वर्णन केला, जगाने नाव घेतलं, एवढ्यावर कुणीही प्राध्यापक समाधानाने निवृत्त झाला असता. मणींचं काम मात्र दोन दिशांनी बाहेर पडलं, एक खेड्याकडे आणि एक कायद्याकडे.

आधी खेडं. म्हैसूरच्या पलीकडे, आता चामराजनगर जिल्ह्यात असलेला येळंदूर तालुका. बिळिगिरीरंगाच्या डोंगरांच्या पायथ्याशी ऊस, भात आणि लहान गावं. १९९० च्या दशकात मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे घरोघर जाऊन पाहणी केली. लोकसंख्या सुमारे ६५ हजार. दर हजार माणसांत साडेचारच्या थोडं वर लोकांना अपस्मार असल्याचं आढळलं. १९९८ साली 'सीझर' या नियतकालिकात हे आकडे आले.

हा आकडा मुंबईशी ताडून पाहण्यासारखा आहे. १९८८ साली डॉक्टर नदीर आणि एडी भरुचा यांच्या गटाने मुंबईच्या पारशी वसाहतींत अशीच घरोघर पाहणी प्रसिद्ध केली होती. तिथे हजारी ४.७. पारशी कॉलनी आणि येळंदूर! एकीकडे शिकलेला, शहरी, दवाखान्याजवळचा समाज. दुसरीकडे बस दिवसातून दोनदा येणारी गावं. आणि आजार जवळजवळ सारखाच. योगायोग असा की पारशी पाहणीच्या आणि सतीशचंद्र यांच्या २७९ रुग्णांच्या, अशा दोन्ही निबंधांवर ब्रूस शोनबर्ग या एकाच अमेरिकन संशोधकाचं सहलेखक म्हणून नाव आहे. मेंदूचे आजार घरोघर जाऊन कसे मोजायचे, ही त्यांची विद्या.

आजार सारखा असला तरी उपचार सारखा नव्हता. अपस्मारात डॉक्टर 'ट्रीटमेंट गॅप' म्हणतात, म्हणजे ज्यांना औषध हवं आणि ज्यांना ते मिळतं यांतली दरी. खेड्यात ही दरी भयंकर असते. मणींच्या गटाने येळंदूरमध्ये नवी महागडी औषधं नेली नाहीत. तीच दोन जुनी, स्वस्त औषधं दिली, फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन. प्रश्न साधा होता. मोठी यंत्रं नाहीत, तज्ज्ञ रोज नाही, अशा ठिकाणी या गोळ्यांनी काम भागतं का?

उत्तर २००१ च्या एप्रिलमध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. भागतं. वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या फिट दीर्घकाळ थांबल्या. आणि आणखी एक गोष्ट दिसली. उपचारापूर्वी ज्यांना मोजकेच झटके येऊन गेले होते, त्यांना गुण चांगला. ज्यांनी वर्षानुवर्षं झटक्यांवर झटके सोसले होते, त्यांना कमी. या वाक्यात कांदा, चप्पल, लिंबू, ताईत, 'लोक काय म्हणतील' या सगळ्यांचा हिशेब आहे. आमच्या घराने एक वर्ष घालवलं. येळंदूरच्या कित्येक घरांनी पंधरा-वीस वर्षं घालवली होती.

आता कायदा. १९७० साली इंडियन एपिलेप्सी असोसिएशन स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत मणी होते. डॉक्टर, रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांना एकत्र आणणारी ही संस्था. विवाहाच्या कायद्यातून अपस्मार हा शब्द काढा, अशी तिची मागणी वर्षानुवर्षं चालू होती. निवेदनं, भेटी, पुन्हा निवेदनं. शोधनिबंधाला संपादक असतो, तो वाचून उत्तर देतो. निवेदनाला ती हमी नसते. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अपस्मारासाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी मिळून, हा आजार अंधारातून बाहेर काढण्याची मोहीम सुरू केली. त्याच वर्षी डॉक्टर राजेंद्र काळे यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या विषयावर संपादकीय लिहिलं. त्यात त्यांनी या आजाराच्या इतिहासाचं सार काढलं होतं. चार हजार वर्षं अज्ञानाची होती, गेली शंभर ज्ञानाची आहेत, पण अंधश्रद्धा आणि कलंक दोन्हींत तसेच राहिले, असा त्याचा मथितार्थ.

अखेर विवाह कायदे (दुरुस्ती) अधिनियम, १९९९ आला. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा, दोन्हींतून 'किंवा अपस्मार' एवढे दोन शब्द गेले. १९७६ ला घातलेले, १९९९ च्या डिसेंबरात काढले. तेवीस वर्षं ते दोन शब्द तिथे बसून होते.

वर्तमानपत्रात ती बातमी आली तेव्हा मी कापून अक्काकडे घेऊन गेलो. ती तेव्हा सदतीस वर्षांची. मशीनवर बसली होती. तिने चष्मा लावून ती दोनदा वाचली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "पंधरा वर्षं उशीर केला रे यांनी." मग कापलेला कागद परत दिला आणि पाय पुन्हा मशीनवर ठेवला.

मी तिला मणींचे निबंध दाखवायला नेले ते त्यानंतर. १९७२ चा, साठ रुग्णांचा. तिला इंग्रजी फारसं येत नाही. मी एकेक वाक्य मराठीत करून सांगत गेलो. मध्येच तिने थांबवलं. "यातली किती मुली?" मी म्हटलं, कमी, मुलगेच जास्त असतात. ती म्हणाली, "असतात, की आणलेच जातात?"

मंडळी, मी तीस वर्षं वैद्यकीय ग्रंथालयात होतो, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. या आजारात मुलगे खरोखर जास्त असावेत असं संशोधक मानतात, आणि त्याला जीवशास्त्रीय कारणंही असू शकतील. पण काका पहाटे सहाला, दूरच्या थांब्यावरून, शेजाऱ्यांशी खोटं बोलून निघाले होते, हे मी विसरलो नाही. मुलीला घेऊन न निघालेले काका किती असतील? इस्पितळात आलेल्यांवर लिहिलेल्या निबंधात न आलेल्यांची नोंद होत नाही. ती व्हावी म्हणून येळंदूरसारखं घरोघर जावं लागतं. अक्काच्या एका प्रश्नाने मला कळलं की मणी इस्पितळातून उठून खेड्याकडे का गेले असतील.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी सांगतो, कारण हा भाग ऐकणाऱ्यांत कुणाच्या ना कुणाच्या घरी हे असणार.

कुणाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा. तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांहून जास्त चाललं, किंवा शुद्ध न येता दुसरी फिट आली, तर लगेच इस्पितळ. कांदा भाजीत घाला, किल्ल्या खुंटीला ठेवा.

आणि दुसरी, चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडे जाताना मात्र तारीख, वार, वेळ आणि त्याआधी माणूस काय करत होता, हे लिहून न्या. आमच्या घरातलं वारांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. शुक्रवार बरोबरच होता. त्या शुक्रवारी काय घडतं हे विचारायला मात्र एक डॉक्टर लागला, आणि तो प्रश्न त्याला शिकवणारा आणखी एक.

अक्का आता साठी ओलांडून गेली. त्या घराच्या जागी इमारत झाली, तांब्याचा हंडा तिच्या गॅलरीत आहे, त्यात तुळस लावली आहे. आंघोळीला गीझर. नळ ती अजूनही आधी थंड्याचा सोडते, मग गरमचा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.